शेवाळ खरवडू नका

हौदाच्या कठड्यावर मी खडूने लिहिलंय :
शेवाळ खरवडू नका.
नानांनी ते दोनदा वाचलं,
एकदा चष्मा पुसून.
तीस वर्षं दर रविवारी ह्याच हौदात उतरून
विटेच्या तुकड्याने त्यांनी शेवाळ खरवडलेलं.
सुताला हिरवा डाग दिसला
की सेठ मजुरी कापायचा.

आता डायहाऊस बंद आहे.
अक्कलकोट रोडच्या ह्या शेडमधला बॉयलर भंगारात गेला,
कढया गेल्या, वजनकाटासुद्धा गेला.
हौद तेवढा राहिला,
कारण हौद उचलून नेता येत नाही.
तो मी भाड्याने घेतला, शिकवणीच्या पैशांत.

बोट बुडवलं तर नुसतं हिरवट पाणी.
सूक्ष्मदर्शकाखाली मात्र गोल गोल जीव,
मोहरीला डोंगर म्हणतील इतके बारीक,
आणि प्रत्येकाच्या पोटात तेल.
पोटभर युरिया दिला तर नुसते वाढतात.
युरिया तोडला की धास्तावून
तेल साठवायला लागतात.
हे मला पुस्तकाआधी माहीत होतं.
तंगीतच डबा भरत जातो,
विड्या वळणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा,
माझ्या आईला विचारा.

एप्रिलात त्रेचाळीसवर पारा.
ऊन फुकट, पण फुकटचं ऊनही मारतं.
दुपारी हौदावर ओली गोणपाटं,
संध्याकाळी तुरटी.
सकाळी हिरवं सगळं तळाला, वर निवळ पाणी.
सेकंड मालाच्या टॉवेलातून गाळलं,
पत्र्यावर पापडासारखं वाळत घातलं,
कुटलं, हेक्झेनमध्ये भिजवलं,
हेक्झेन उडवून परत धरलं.
आठ हजार लिटरमधून
तेल निघालं अर्धा लिटर.

मग मिथेनॉल, मग कॉस्टिक.
कॉस्टिकचा डबा बघून नाना म्हणाले,
"हे तर आमचंच की."
सुताला चकाकी आणायला
ह्याच पांढऱ्या चकत्यांनी त्यांची बोटं खाल्ली होती.
बरणीत खाली ग्लिसरीन बसायला हवं,
वर पिवळं डिझेल.
बसलं काहीच नाही.
तेलात ओल राहिली होती.
सगळ्याचा लगदा झाला, फेसाळ, खाकी.

नानांनी चिमटीत घेतला, चोळला.
"साबण केलीस ग पोरी."
आणि हसले,
सेठसमोर कधी हसले नव्हते तसे.
"झोंबलालंय," म्हणाले,
तरी नळाखाली हात धरायची घाई केली नाही.

दुसऱ्या खेपेला तेल आधी तापवलं,
तडतड थांबेपर्यंत.
ह्या वेळी रेघ दिसली.
बरणीच्या मधोमध, केसाएवढी,
खाली काकवीसारखं, वर मधासारखं.
मी बरणीला हात लावत नव्हते,
जणू रेघ पुसली जाईल.

इरण्णा हत्तुरेने त्याचं जुनं इंजिन आणलं.
दोन हिसके, तिसऱ्याला धरलं.
धुराला भज्यांच्या कढईचा वास.
एकोणीस मिनिटं एक बल्ब जळला,
भर दुपारी,
शेजारच्या मागावरचे कामगार दारात येऊन
बल्बाकडे बघत उभे राहिले.
मग इंजिन खोकलं.

सगळे गेल्यावर नाना म्हणाले,
"आणि पाणी ढवळायला तुझी मोटर
महिनाभर किती लाईट खाल्ली?"
वहीत तो आकडा होता.
मी वही उघडली नाही.
त्यांनीही पुढे विचारलं नाही.
हिशेब कळणाऱ्या माणसाला
उत्तर कळायला आकडा लागत नाही.

रविवारी मी उशिरा पोचले.
शेडमध्ये मोटरचा आवाज नव्हता.
वाटलं, लाईट गेली, आता सगळं तळाला बसणार, सडणार.
धावत आत गेले.

कठड्यावर नाना उभे, धोतर खोचून,
हातात लाकडी दांडा.
रंगाच्या कढईत सुताच्या लडी उलटायचे,
तसे दोन्ही हातांनी, खालून वर,
ते हिरवं पाणी फिरवत होते.
त्यांच्या पायाशी खडूची अक्षरं
ओल्या टाचांनी अर्धी पुसलेली :
शेवाळ ख

मोटरचं बटण बंद होतं.
बल्ब मात्र चालू होता.